तीन गाठींची चिंधी

हौसाक्कांच्या डोक्यावरची खोळ युरियाच्या पोत्याची होती. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की पावसात डोकं आणि पाठ झाकणारी खोळ तयार होते. पोत्यावरची छापील अक्षरं त्यांच्या पाठीवर उलटी यायची. युरिया जपून टाका म्हणून गावभर सांगणारी बाई डोक्यावर युरियाचं पोतं कसं घेते, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. त्या म्हणाल्या, "पोतं लय चांगलं असतंय. आतलं तेवढं बेतानं वापरायचं."

ही भेट जुलैतली. मी तेव्हा कराडला एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि शिराळा तालुक्याचा पश्चिम भाग माझ्याकडे होता. गावोगावच्या काही बायकांना पिण्याचं पाणी तपासायचं किट देऊन शिकवलं होतं, त्यावर दोनशे शब्दांची बातमी करायची होती. हौसाक्का त्या बायकांपैकी एक. बातमी त्याच संध्याकाळी लिहून झाली. गावात मात्र मी त्या पावसाळ्यात आणखी चार वेळा गेलो.

गावाचं नाव देत नाही. वारणेच्या खोऱ्यात उसाचा पट्टा संपतो आणि उतारावर भाताची खाचरं सुरू होतात, तिथलं ते गाव. खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक. वरच्या खाचराचं पाणी बांधातल्या वीतभर वाटेने खालच्या खाचरात उतरतं. त्या वाटेला मोरी म्हणतात. सगळ्यात खाली ओहोळ आणि ओहोळाच्या काठाला खालच्या वस्तीचा आड. वस्तीत अकरा घरं. त्यांच्या दारात नळ आले होते, नळाला पाणी आलेलं नव्हतं.

कोणती मोरी कधी उघडायची आणि कधी बुजवायची हे ठरवणारं एक माणूस गावाने पिढ्यान्‌पिढ्या नेमलेलं असे. त्याला पाटकरी म्हणत. गावाचं खोरं त्याच्याकडे राही. शेवटचे पाटकरी हौसाक्कांचे सासरे. ते गेल्यावर खोरं घरात पडून राहिलं. हौसाक्कांचा नवरा मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर नोकरीला होता, म्हणून खोरं त्यांनी उचललं. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. बाई महिनाभरात कंटाळेल असा सगळ्यांचा अंदाज होता. मी भेटलो तेव्हा या अंदाजाला नऊ पावसाळे झाले होते.

पन्नाशीच्या, काटक, उंचीने बेताच्या. बांधावरून चालताना त्या पायाखाली बघत नसत. डाव्या खांद्यावर खोरं, उजव्या हातात किटची निळी पिशवी. काही दाखवायचं तर बोट न करता हनुवटी उडवायच्या. मोरी बुजवायची त्यांची एक पद्धत होती. गवताच्या मुळ्यांसकट चिखलाचं ढेकूळ कापून मोरीत बसवायचं, त्यावर टाच दोनदा दाबायची आणि तिसऱ्या वेळी टाच फिरवायची. फिरवलेल्या टाचेचा गोल ठसा दिसला की लोक ओळखत, ही मोरी आक्कांनी बुजवली आहे, हात लावायचा नाही.

किट मिळाल्यावर पहिल्या पावसाळ्यातच त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आडाचं पाणी त्या तीन-चार दिवसांनी तपासत. किटमधली पूड टाकून बाटली हलवायची आणि दहा मिनिटं थांबायचं. एरवी पाणी स्वच्छ राही. वरच्या खाचरांत युरिया पडून मग पाऊस झाला की बाटली गुलाबी होई. रंग जितका गडद तितकं पाण्यात नायट्रेट जास्त, एवढं प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते कुठून येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. ते हौसाक्कांनी स्वतः जुळवलं. खत टाकल्यावर ते पहिले काही दिवस पाण्यातच असतं. मोरी बंद राहिली तर मातीत मुरतं, उघडी राहिली तर ओहोळाला जातं. "वर हिरवं, तर खाली गुलाबी," असं त्या म्हणत. चहाच्या टपरीवर लोक याची नक्कल करायचे. नक्कल करता करता ते वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग त्यांनी चिंधी काढली. ज्याच्या खाचरात युरिया पडेल त्याच्या मोरीपाशी त्या बांबूची काठी रोवायच्या आणि काठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. चिंधीला तीन गाठी. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी फेरीवर आल्या की एक गाठ सोडायच्या. तिसरी गाठ सुटली की मोरी उघडायची. त्याआधी नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. ग्रामपंचायतीत ठरावही नव्हता. लोक तो पाळत होते, कारण चिंधी बांधणाऱ्या बाईकडे खोरं होतं.

सगळ्यात वरची आठ खाचरं एका निवृत्त सुभेदारांची. गावात त्यांना सुभेदार एवढंच म्हणतात. सत्तावीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. बांध दोरी लावल्यासारखे सरळ, रोपांच्या ओळी सरळ. भात काळंशार दिसलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. युरियाची मूठ भरताना त्यांचा हात सैल होता. हौसाक्का त्यांना गोळी खत वापरायला सांगून थकल्या होत्या. युरियाची गोळी चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मध्ये चिखलात दाबली की ती जागेवर राहते, पाण्याबरोबर जात नाही. सुभेदार म्हणत, "हौसावहिनी, एकेक गोळी वाकून दाबायची तर अख्खी पलटण लागंल. पलटण कुठाय आता?" हे खोटं नव्हतं. गावात वाकून काम करणारी माणसं कमी झाली होती.

एकदा त्यांच्यात गाठींवरून वाद झाला. सुभेदारांनी सोमवारी खत टाकलं आणि बुधवारी संध्याकाळी मोरी उघडायला निघाले. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस झाले, असा त्यांचा हिशेब. काठीवर एक गाठ शिल्लक होती. हौसाक्का मोरीवर उभ्या राहिल्या.

"सुभेदार, रजेवर आलासा तर प्रवासाचा दिस रजेत धरत व्हता का?"

सुभेदार म्हणाले, "न्हाई. प्रवास वेगळा."

"मग सोमवार प्रवासात गेला."

मोरी गुरुवारी सकाळी उघडली. हा प्रसंग मला सुभेदारांनीच सांगितला आणि सांगताना ते हसले नाहीत.

त्या वर्षी खालच्या वस्तीत पूजा नावाच्या मुलीचं पहिलं बाळंतपण झालं होतं. बाळ मुलगी, जुलै संपताना दोन महिन्यांची. पूजाला दूध कमी, म्हणून बाळ बाटलीवर होतं. बाटलीत पावडर आणि आडाचं पाणी. आरोग्य सेविकेने एवढंच बजावलं होतं की सहा महिन्यांच्या आतलं बाळ बाटलीवर असेल आणि पाण्याची तपासणी गुलाबी येत असेल, तर ते पाणी बाळाला देऊ नका. रक्ताला प्राणवायू कमी पडतो, ओठ आणि नखं निळी पडू शकतात. पूजाने हौसाक्कांना विचारलं होतं, "आक्का, उकळून दिलं तर चालंल का?"

"उकळून मीठ जातंय व्हय गं? पाणी आटतंय आन्‌ मीठ राहतंय."

तेव्हापासून बाटली जरा गुलाबी आली की हौसाक्का वरच्या झऱ्यावरून बाळासाठी एक कळशी आणून पूजाच्या उंबऱ्यावर ठेवत. झरा गावाच्या वर, वस्ती गावाच्या खाली. मध्ये सगळी खाचरं. रोज एवढी उतरण भरल्या कळशीनिशी उतरायची आणि मग मोऱ्यांची फेरी करायची, असा त्यांचा क्रम होता.

आता पुढचा दिवस. त्या दिवशी मी कराडात होतो. जे लिहितो आहे ते सुभेदारांनी आणि पूजाने नंतर वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

ऑगस्टचा पहिला आठवडा. चार दिवसांच्या झडीनंतर सकाळी उघडीप झाली. सुभेदारांनी दहाच्या सुमारास आठही खाचरांत युरिया टाकला. हौसाक्का चिंधी घेऊन पोचल्या तेव्हा शेवटची मूठ पडत होती. त्यांनी पश्चिमेच्या डोंगराकडे हनुवटी उडवली. शिखर दिसत नव्हतं.

"आजचा दिस थांबायचं व्हतं."

"मोबाईलवर ऊन दाखवलंय, वहिनी."

"मोबाईलला डोंगर दिसतोय का?"

त्या कामाला लागल्या. मोऱ्या बुजवल्या, टाच फिरवली, काठी रोवली, तीन गाठी मारल्या.

पाऊस एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. वेळ सुभेदारांनी सांगितलेली आहे. पावणेदोनला वरच्या खाचरातलं पाणी बांधाच्या काठापासून चार बोटं खाली होतं. सव्वादोनला दोन बोटं. सुभेदार खोरं घेऊन खालच्या टोकाच्या मोरीवर आले. हौसाक्का तिथे आधीच होत्या.

सुभेदारांचं म्हणणं साधं होतं. मोरी उघडली नाही तर बांध फुटेल. वरचा एक फुटला की त्याच्या लोंढ्याने खालचे सात फुटतील. माती जाईल, रोप जाईल. हे खरं होतं. हौसाक्कांचं म्हणणंही साधं होतं. मोरी उघडली तर चार तासांपूर्वी टाकलेला सगळा युरिया ओहोळाला आणि तिथून आडात. पूजा त्या दिवशी तापाने पडून होती आणि घरात बाटली भरणारी तिची सासू डोळ्यांनी अधू होती. कळशीतलं पाणी कोणतं आणि आडातलं कोणतं, याचा भरवसा नव्हता. हेही खरं होतं.

"वहिनी, बाजूला व्हा. बांध गेला तर दोन्ही जाईल. माजं भात बी आन्‌ तुमचा आड बी."

हौसाक्का बाजूला झाल्या नाहीत. सुभेदारांनी खोरं उचललं. नंतर ते मला म्हणाले, "त्या येळंला मी मोरी तोडणारच व्हतो. खोटं बोलत न्हाई."

सुभेदारांच्या शेवटच्या खाचराला लागून, एका बांधाच्या पलीकडे, हौसाक्कांची स्वतःची दोन खाचरं होती. हातभर खाली. त्यांच्याकडे एवढीच जमीन. त्यांनी ओहोळाकडची मोरी तशीच ठेवली आणि तो मधला बांध खोऱ्याने कापायला घेतला. सुभेदार बघत राहिले. काय चाललंय हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"वहिनी, भात बुडंल तुमचं."

"बुडू दे. तुमी पलीकडनं कापा."

दोघांनी मिळून तो बांध कापला आणि वरच्या खाचरांमधल्या मोऱ्या मोकळ्या केल्या. पाणी हौसाक्कांच्या खाचरांत उतरायला लागलं. मग त्यांनी आपल्या मोऱ्यांवर गोठ्याचं पत्र्याचं दार आडवं लावलं आणि त्याच्या मागे मातीने भरलेली पोती रचली. पोती युरियाचीच होती. पाऊस साडेपाचला थांबला. आठ खाचरांचं जादा पाणी दोन खाचरांत मावलं. भाताचे शेंडे तेवढे वर होते. बांध धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडाची बाटली दहा मिनिटांनी स्वच्छ राहिली. पहिली गाठ सुटली. तिसऱ्या गाठीनंतर हौसाक्कांनी आपली खाचरं थोडी थोडी करून रिकामी केली. कापलेला बांध सुभेदारांनी भरून दिला. गावातल्या दुसऱ्या कुणी हे पाहिलं नव्हतं. तसल्या पावसात कोणी शेतावर नव्हतं. पूजाने दारातून पाहिलं, पण तिला ताप होता आणि आपण काय पाहिलं हे तिला पुढे कळलं.

पंधरा दिवसांत हौसाक्कांची खाचरं काळीभोर झाली. गावात तसा रंग कुणाच्याच भाताला नव्हता. सुभेदारांच्याही नव्हता. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघे. या भागात भाताचा रंग बघून माणसाची पारख करायची पद्धत आहे. कोणी किती खत टाकलं, कोण निगा राखतं, कोण आळशी, सगळं रंगावरून ठरतं. हौसाक्कांचा रंग बघून गावाने आपला निष्कर्ष काढला. बाई आपल्याला मूठ आवरायला सांगते आणि स्वतः पोत्याने ओतते.

मला फोन आला तो गावातल्या एका तरुण शेतकऱ्याचा. मी गेलो, भात पाहिलं, फोटो काढला. हौसाक्का मोरीवर वाकलेल्या होत्या. मी विचारलं, "लोक म्हणतात तुमच्या खाचरात युरिया जास्त आहे. खरं आहे का?"

त्यांनी खाचराकडे पाहिलं. "हाय. जास्तच हाय."

मी ते लिहून घेतलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यायचा नियम मी पाळला होता. तिथे जास्त का आहे, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. बस सुटायला वीस मिनिटं होती. बातमी तिसऱ्या दिवशी फोटोसह आली. मथळा असा होता: "युरिया कमी वापरा म्हणणाऱ्यांच्याच शेतात युरिया जास्त". खाली त्यांचं वाक्य अवतरणात. नाव छापलं नव्हतं. छापायची गरज नव्हती.

बातमी आल्याच्या चौथ्या दिवशी ग्रामसभा झाली. तिला मी होतो. विषयपत्रिकेत रस्ता, दिवाबत्ती आणि ऐनवेळचे विषय. खोरं ऐनवेळच्या विषयांत निघालं. सरपंच आवाज न चढवता बोलले. "आक्का, लोकांचं म्हणणं हाय की नियम सगळ्यांला एक पायजे. तुमाला काय बोलायचं असंल तर बोला."

हौसाक्का दाराजवळ बसल्या होत्या. "न्हाई," त्या म्हणाल्या.

कोणीतरी मागून म्हणालं, "आक्का, चिंधीला गाठी मारायच्या आन्‌ सोताच्या पोत्याच्या सोडायच्या, व्हय?" हशा झाला. सुभेदार पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. ते हसले नाहीत. बोललेही नाहीत. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

हौसाक्कांनी खोरं उचलून ग्रामपंचायत ऑफिसच्या कोपऱ्यात उभं केलं. जाताना त्यांनी सरपंचांना एकच विचारलं. "पोटरीचा युरिया पुढच्या आठवड्यात पडंल. मोऱ्या कोण बगणार?"

"बघू," सरपंच म्हणाले.

भाताला दुसरा हप्ता पोटरीच्या सुमाराला देतात, कणीस बाहेर पडायच्या आधी. गावात बहुतेकांची लावण एकाच आठवड्यातली, म्हणजे खतही एकाच आठवड्यात पडणार. पाऊस गेलेला नव्हता. पूजाची मुलगी तीन महिन्यांची झाली होती. हौसाक्का झऱ्याची कळशी आणत होत्या, पण त्यांच्या फेरीचा रस्ता आता बांधांवरून नव्हता. त्या कडेच्या पायवाटेने लांबून उतरत. त्यांच्या हातात खोरं नसल्याने खांदा रिकामा दिसे, असं पूजा म्हणाली. पहिल्या दोन शेतकऱ्यांनी युरिया टाकला आणि मोऱ्या उघड्याच राहिल्या. हलका पाऊस झाला. त्या संध्याकाळी बाटली गुलाबी झाली. किटमधल्या रंगांच्या तक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या रंगाइतकी.

हौसाक्कांनी ती बाटली कुणाला दाखवली नाही. पूजाच्या उंबऱ्यावर दोन कळश्या ठेवल्या आणि आडाच्या काठावर वीट मांडून, हे पाणी बाळाला नको अशी खूण म्हणून, तिला लाल रंग लावला. लाल रंग दाराचा उरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सुभेदार त्यांच्या दारात आले. त्यांचं खत आणून ठेवलेलं होतं. पूजा तिथेच बाळाला घेऊन बसली होती, म्हणून हा संवाद कळला.

"वहिनी, चिंधी द्या."

"खोरं ऑफिसात हाय. तिकडनं घ्या."

"खोरं न्हाई मागत. चिंधी मागतोय."

हौसाक्का आत गेल्या, जुनं लुगडं आणून फाडलं आणि एक पट्टी त्यांच्या हातात दिली. सुभेदार तिथेच उभे राहिले.

"गाठी?"

"तुमच्या हाताला काय झालंय?"

सुभेदारांनी दारात उभं राहून तीन गाठी मारल्या. मग म्हणाले, "त्या दिवशी सभंत मी बोलायला पायजे व्हतं."

"व्हय," हौसाक्का म्हणाल्या.

मला फोन त्याच दुपारी आला. सुभेदारांनी स्वतःचं नाव, हुद्दा आणि गाव सांगून सुरुवात केली आणि त्या पावसाच्या दिवसाचं सगळं वेळेसकट सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमी छापलं ते चूक हाय. आन्‌ मी गप बसलो ते तुमच्यापेक्षा चूक हाय. दोनी लिवा." मी विचारलं, तुम्ही गप्प का बसलात. ते म्हणाले, "चार लोकांत म्हणायचं की माजा बांध एका बाईनं वाचवला. जीभ उचलली न्हाई."

मी तीन दिवसांनी गेलो. ती तिसऱ्या गाठीची सकाळ होती. सुभेदारांच्या मोरीपाशी काठी उभी होती आणि चिंधीवर एक गाठ होती. आधीच्या दोन सुभेदारांनी सोडल्या होत्या. आभाळ खाली आलेलं होतं. सुभेदार काठीपाशी उभे होते. शेजारच्या बांधांवर आणखी तीन काठ्या दिसत होत्या. सगळ्यांच्या नाही. गावात तेव्हा खत टाकलेली सात-आठ माणसं असावीत.

हौसाक्का कळशी घेऊन कडेच्या पायवाटेने उतरत होत्या. सुभेदारांनी हाक मारली, "वहिनी, गाठ ऱ्हायलीय."

"सोडा की."

"ही तुमची हाय."

त्या कळशीसकट बांधावर आल्या. कळशी खाली ठेवली, गाठ सोडली, चिंधी पिळून कमरेला खोचली. मोरीतलं ढेकूळ काढायला त्या वाकल्या, तर सुभेदारांनी आपलं खोरं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. हातानेच ढेकूळ काढलं.

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी मी आलो तेव्हा खरं का सांगितलं नाही. त्यांनी हात धुतले.

"सांगितलं असतं तर पेपरात आलं असतं. मग लोक म्हणलं असतं, आक्काची खाचरं हायतच की खाली, सोडा समद्यांचं पाणी तिकडं. मोऱ्या कोण बुजवतंय मग? माजी दोन खाचरं. त्यात किती गावाचं मावणार?"

खुलासा मी लिहिला. तो पाचव्या पानावर चार ओळींत आला. पहिली बातमी फोटोसह तीन कॉलम होती. मी अंक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि विचारलं, "पयली वाचलेल्या माणसानं ही वाचली असंल का?"

मी म्हणालो, सगळ्यांनी नसेल.

"मग गेलेलं गेलं," त्या म्हणाल्या आणि अंक परत दिला.

खोरं ऑफिसातच राहिलं. सरपंचांनी नंतर ते घेऊन जा म्हणून निरोप पाठवला. हौसाक्कांनी उलटा निरोप दिला, गाठ सोडायला खोरं लागत नाही. चिंध्या मात्र त्यांच्याकडूनच जात होत्या. कोणी स्वतःच्या घरातली पट्टी बांधली तर ती मोजत नसत. शेजारी विचारत, ही आक्कांची आहे का.

ऑक्टोबरात त्यांचं भात आडवं झालं. जास्त नत्र मिळालेलं भात उंच वाढतं, ताट पोकळ राहतं आणि कणसाच्या भाराने लोळतं. करपा रोगही आला होता. काळंभोर दिसणारं ते सगळं शेत चिखलात झोपलं.

दिवाळीनंतर मला सांगलीच्या कार्यालयात बदली मिळाली. जायच्या आधी मी एकदा गावात जाऊन आलो. सगळीकडे कापणी चालू होती. लोळलेलं भात उभ्याने कापता येत नाही; हौसाक्का आणि दोन बायका बसून, एकेक चूड चिखलातून उचलून कापत होत्या. मी कणीस हातात घेऊन दाबलं. बरंचसं पळिंज होतं, नुसतं टरफल. पलीकडच्या आठ खाचरांत सुभेदारांचं भात उभं होतं आणि सुभेदार ते सोडून हौसाक्कांच्या खाचरात कापलेल्या पेंढ्या बांधत होते. हौसाक्का त्यांना म्हणाल्या, "सुभेदार, गाठ ढिली पडतीया. फौजंत हेच शिकवलं का?" सुभेदारांनी पेंढी सोडून पुन्हा बांधली.

अकराच्या सुमाराला त्या उठल्या, निळी पिशवी घेतली आणि आडाकडे गेल्या. मी मागे गेलो. लाल वीट अजून काठावर होती. त्यांनी पोहरा सोडला, बाटलीत खुणेपर्यंत पाणी घेतलं, पूड टाकली, हलवली आणि बाटली विटेशेजारी ठेवली. मग स्वतः उकिडव्या बसल्या. या दहा मिनिटांत त्या कधी बोलत नसत आणि समोरच्यालाही बोलू देत नसत. घड्याळ माझ्याकडे होतं, पण त्या माझ्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. वस्तीतल्या पहिल्या घराच्या दारात पूजा उभी होती. बाळ कडेवर. सहावा महिना संपायला अजून थोडे दिवस होते. तीही हलली नाही.

आठव्या मिनिटाला मला बाटलीत गुलाबी छटा दिसल्यासारखी वाटली. ती विटेच्या रंगाची होती. हौसाक्कांनी बाटली विटेपासून उचलून आभाळासमोर धरली. पाणी स्वच्छ होतं. त्या तरी थांबल्या. दहा मिनिटं पूर्ण झाल्यावर त्यांनी बाटली पुन्हा एकदा धरली, तक्ता शेजारी धरला, मग बाटलीतलं पाणी आडापासून लांब नेऊन खड्ड्यात ओतलं. परत येऊन लाल वीट उचलली आणि पालथी घातली.

मग हनुवटी दाराकडे उडवली.

"पूजे, हंडा आण गं."